बडोद्याहून यूकेला कुटुंब न्यायचं तर : कागदांचा क्रम आणि नावांचा घोळ

पोळातला_कारकून

मंडळी, नोकरीचं पत्र आलं, स्किल्ड वर्कर व्हिसा झाला, आता नवरा किंवा बायको आणि मुलं मागून न्यायची आहेत, अशांसाठी हा धागा. ठरावीक माहिती सरकारी साइटवर आहेच. इथे मुख्यतः बडोद्याच्या मराठी घरांत कुठे अडतं, ते लिहावं ही विनंती.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, कारण ती चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ. तुमच्या नोकरीवर कुटुंब नेता येतं का? केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून नव्याने कुटुंब आणता येत नाही. २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीखालच्या बहुतेक नव्या नोकऱ्यांनाही तेच लागू झालं. कंपनीकडून येणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर, म्हणजे सीओएसवर, कामाचा चार आकडी कोड असतो. तो कोड यादीत कुठल्या पातळीला बसतो ते स्वतः बघा. एजंटाच्या तोंडच्या 'थई जशे, चिंता ना करो' वर जाऊ नका.

कोड बसत असेल तर पुढचा क्रम असा ठेवा: पासपोर्टावरचं नाव, मग लग्नाचा आणि जन्माचा दाखला, मग भाषांतरं, मग बँकेत पैसे थांबवणं, मग टीबीची तपासणी आणि शेवटी अर्ज. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात. टीबी आणि बँकेचे कागद ताजे असताना दाखल्यात चूक सापडते, ती दुरुस्त होईपर्यंत ते दोन्ही शिळे होतात आणि परत पहिल्यापासून.

सेवउसळ_तिखट

नावांबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खरा गुंता तोच आहे.

गुजरातेत शाळेपासून बँकेपर्यंत आडनाव पुढे लिहायची पद्धत. एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, 'जोशी सुनील मधुकर', आधारवर 'सुनील मधुकर जोशी', बँकेच्या पासबुकावर कधी हे कधी ते. एवढ्याने व्हिसा अडत नाही, क्रम उलटा असला तरी माणूस तोच हे कळतं. अडतं ते पासपोर्टात. फॉर्म भरणाऱ्याने तिन्ही शब्द 'दिलेलं नाव' या रकान्यात टाकले आणि आडनावाचा रकाना मोकळा सोडला, असे पासपोर्ट आपल्याकडे बरेच निघतात. मग तिकीट, व्हिसा, तिथलं बँक खातं, मुलाची शाळा, प्रत्येक ठिकाणी आडनाव काय हा प्रश्न. अर्ज करण्याआधी तपशिलातल्या बदलासाठी पासपोर्ट री-इश्यू करून घ्या. मोठ्यांचा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, तत्काळ हवा तर २००० जास्त. बडोद्याचं सेवा केंद्र अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं, म्हणून फाइल अडली की पत्र तिथून येतं.

दुसरा घोळ 'भाई' आणि 'बेन'चा. पालिकेच्या किंवा दवाखान्याच्या कारकुनाने आदराने जोडलेलं असतं. आईचं नाव पासपोर्टवर वर्षा आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वर्षाबेन. पुरुषांच्या बाबतीत भाई, कुमार, नाहीतर आपल्याकडचं राव. आजोबांच्या काळचं 'गणपतराव' नातवाच्या कागदांत 'गणपत' होतं.

तिसरा स्पेलिंगचा. मराठी आडनावं गुजराती कानाने ऐकून इंग्रजीत लिहिली जातात. गायकवाड हे एकच आडनाव एका घरात 'एई' आणि 'एआय' अशा दोन स्पेलिंगांनी सापडेल. शिर्के, घोरपडे, निंबाळकर, प्रत्येकाची तऱ्हा.

चौथा लग्नातला. माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावच बदलतात तो प्रकार. लग्नाच्या दाखल्यावरची वधू आणि पासपोर्टवरची अर्जदार या दोन वेगळ्या बायका वाटतात.

सगळं दुरुस्त करत बसायची गरज नाही. पासपोर्ट, मुलाचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला, या तीन ठिकाणी नाव जुळलं पाहिजे. बाकीसाठी अर्जात 'पूर्वी कुठल्या दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का' असा प्रश्न असतो, तिथे माहेरचं नाव, बेन लावलेलं नाव, जुनं स्पेलिंग सगळं लिहून टाका. सोबत एक प्रतिज्ञापत्र. नाव दोन ठिकाणी वेगळं असणं हा गुन्हा नाही, पण विचारल्यावर 'नाही' असं उत्तर दिलं तर ते मात्र तुमच्या अंगाशी येतं.

रावपुऱ्याची_लेक

सेवउसळ, मुद्देसूद लिहिलंत. एक भर.

पासपोर्टात नवऱ्याचं नाव चढवलं नाही म्हणून डिपेंडंट व्हिसा, म्हणजे मागून जाणाऱ्या कुटुंबाचा व्हिसा, अडत नाही. लग्न झालं म्हणून आडनाव बदलायची सक्तीही नाही. माहेरच्या नावाचा चालू पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला पुरतो. उगाच बदलायला जाऊन दोन महिने घालवू नयेत. बदलायचंच असेल तर आधार, बँक आणि पासपोर्ट तिन्ही एका फेरीत करा, अर्धवट बदल सगळ्यात वाईट.

आणि हो, मुख्य अर्जदार बायको आणि मागून जाणारा नवरा, असं असेल तरी नियम शब्दशः हेच. फॉर्म भरून देणारे दादा अजूनही विचारतात 'साहेब कुठे नोकरीला?'

लहरीपुरा_दरवाजा

जन्मदाखल्याचं काय? मुलीचा जन्म साताऱ्याचा, राहणं बडोद्यात. दुरुस्ती इथे खंडेराव मार्केटात पालिकेच्या मुख्य कचेरीत होईल ना?

पोळातला_कारकून

नाही होणार. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते आणि दुरुस्तीही तिथल्याच निबंधकाकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, त्यामुळे बडोद्याच्या घरातल्या पहिल्या मुलाचा दाखला साताऱ्याचा, इंदूरचा नाहीतर कोल्हापूरचा असतो. दुसरं मूल इथलं. म्हणजे एकाच फाइलीत एक दाखला मराठीत, एक गुजरातीत, आणि माहेर इंदूरचं असलं तर लग्नाचा हिंदीत. लग्न मुलीकडे लागलेलं असतं, म्हणून त्याचीही चौकशी आधी त्या गावात करा.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ दुरुस्तीचं आहे. त्यात मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद घालतात आणि मग नवा दाखला देतात. म्हणून 'जुनं रजिस्टर बदलता येत नाही' असं खिडकीवर कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे, फक्त अर्धं बरोबर आहे. शांतपणे कलम १५ खाली अर्ज हवा आहे असं सांगा. सोबत आईवडिलांचे पासपोर्ट, आधार, मिळाला तर दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, आणि प्रतिज्ञापत्र.

दाखल्यात बाळाचं नावच नसेल तर ते कलम १४. वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून. बारशाच्या आधी दाखला काढला आणि तसाच कपाटात ठेवला, अशी उदाहरणं कमी नाहीत.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा लहान बाळ असेल तर दाखला आधी, पासपोर्ट नंतर, याला पर्याय नाही. लहान मुलांच्या पासपोर्टला १००० रुपये, दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट 'डी'. एक पालक आधीच परदेशी गेला असेल तर त्याची सही लांबते, म्हणून तो निघायच्या आधी हे काम उरका.

सुरसागरकाठ

इथल्या एका एजंटाने जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि दोघांच्या डिग्र्या, सगळ्यांचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, सांगितलं आहे. कागदामागे हजारोंत पैसे. लागतं का?

सेवउसळ_तिखट

यूकेच्या डिपेंडंट व्हिसाला लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्याचं अपोस्टिल लागत नाही. डिपेंडंटच्या डिग्रीचा तर संबंधच नाही. लागतं ते भाषांतर, कागद इंग्रजीत नसेल तर. त्या भाषांतरावर चार गोष्टी असायला हव्यात: मूळ मजकुराचं हे अचूक भाषांतर आहे असं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि संपर्काचा पत्ता. नोटरीचा लाल शिक्का मारून आणला आणि हे वाक्यच नाही, असं झालं तर त्या शिक्क्याचा उपयोग शून्य.

दाखल्यावर दोन भाषा असतात, त्यातली इंग्रजी बाजू पूर्ण भरलेली असेल तर भाषांतरही नको. पण शेरा किंवा समासातली नोंद फक्त गुजरातीत असते, ती विसरू नका. दुरुस्ती नेमकी तिथेच लिहिलेली असते!

अपोस्टिल हे इतर काही देशांना लागतं. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. गुजरातच्या कागदांना आधी राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय. ज्या देशाला जायचं त्याच्या यादीत लिहिलं असेल तरच करा.

सयाजीबाग_सकाळ

पैशांचा भाग मी घेतो.

आधी मोठा आकडा. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि १८ खालच्यांना ७७६. तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच भरावा लागतो. तीन वर्षांचा व्हिसा, जोडीदार आणि एक मूल, तर ३,१०५ अधिक २,३२८, म्हणजे ५,४३३ पौंड. पाच वर्षांचा असेल तर ९,०५५. यात अर्जाची फी धरलेली नाही. नोकरीचं पॅकेज ठरवताना कंपनी कुटुंबाचाही सरचार्ज देते का हे विचारून घ्या. अनेक कंपन्या फक्त कर्मचाऱ्याचा देतात, आणि सही झाल्यावर विचारलं की उत्तर मिळत नाही. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत येतो, अर्जाची फी येत नाही.

कुटुंब मागून जाणार असेल तर त्यांचा व्हिसा मुख्य माणसाच्या व्हिसासोबतच संपतो. म्हणून सरचार्जही उरलेल्या काळाचाच. पूर्ण वर्षं मोजून वर उरलेले महिने सहा किंवा कमी असले तर अर्ध्या वर्षाचे पैसे, जास्त असले तर पूर्ण वर्षाचे. आठवडाभराच्या फरकाने अर्धं वर्ष वाचू शकतं, तेव्हा अर्ज करायची तारीख कॅलेंडर घेऊन ठरवा.

आता खात्यात दाखवायचे पैसे. जोडीदाराला २८५ पौंड, पहिल्या मुलाला ३१५, पुढच्या प्रत्येक मुलाला २००. रक्कम लहान आहे, अट मात्र काटेकोर. सलग २८ दिवस शिल्लक त्या आकड्याखाली एक दिवसही जाता कामा नये, आणि २८ वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मधे एखादा ईएमआय कापला गेला आणि शिल्लक चार तास कमी झाली तरी गेलं. नेमके पैसे ठेवू नका, दीडपट ठेवा. रुपयाचा भाव खाली आला तरी पुरलं पाहिजे.

पीपीएफ, शेअर, म्युच्युअल फंड, सोनं चालत नाही. क्रेडिट कार्डाची मर्यादाही नाही. बँकेत लगेच काढता येतील असे पैसे हवेत.

कंपनीने सीओएसवर कुटुंबाच्याही पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी दिली असेल तर यातलं काहीच दाखवावं लागत नाही. एक ओळ असते. एचआरला स्पष्ट विचारा की ती हमी फक्त माझी आहे की कुटुंबाचीही.

लहरीपुरा_दरवाजा

मुख्य माणूस तिथे वर्षभर असेल तर पैसे दाखवायला लागत नाहीत ना?

सयाजीबाग_सकाळ

तिथे गफलत होते. वर्षभर राहिल्याची सूट ज्याचा अर्ज आहे त्याने स्वतः तिथे वर्ष काढलं असेल तर. बडोद्यातून पहिल्यांदा जाणाऱ्या बायकोला किंवा मुलाला ती मिळत नाही.

रावपुऱ्याची_लेक

टीबीचं थोडक्यात. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर लागतं. यूकेच्या मान्यताप्राप्त यादीतल्याच केंद्रात. ओळखीच्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही चांगला असला तरी चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. ११ वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे नसतो, पण त्यांना न्यावं लागतं, डॉक्टर प्रश्न विचारतात. एक्स-रेत जुना डाग दिसला की थुंकीची तपासणी सांगतात आणि तिचा निकाल यायला आठ आठवडे. गरोदर असाल तर पोटावर संरक्षक आवरण घेऊन एक्स-रे किंवा थेट थुंकीची तपासणी, असा पर्याय असतो. ज्यांना लहानपणी कधी टीबी झाला होता त्यांनी ही तपासणी सगळ्यात आधी घ्यावी, बाकीच्यांनी शेवटी. वर कारकुनांनी दिलेल्या क्रमाला हा एक अपवाद.

बायोमेट्रिकला पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. अहमदाबादला जायचं तर सकाळची पहिली वेळ घेऊ नका. एक्सप्रेस-वे ९३ किलोमीटरचाच असला तरी दोन्ही टोकांचं शहर वेळ खातं. झोपाळलेल्या दोन वर्षांच्या पोराचा सरळ बघतानाचा फोटो काढणं म्हणजे काय, ते आईच जाणे.

सुरसागरकाठ

आईवडिलांना न्यायचं असेल तर? कायमचं नाही, नातवाचा जन्म आहे तेव्हा सहा महिने.

पोळातला_कारकून

त्यांना स्टँडर्ड व्हिजिटर, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा. कायम न्यायचा जो वेगळा मार्ग आहे तो इतका अरुंद आहे की रोजची कामं स्वतः करू शकणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

फी २०२५ च्या एप्रिलमध्ये ११५ वरून १२७ पौंड झाली, ती अशी वाढतच असते, भरायच्या दिवशी आकडा पाहा. अर्ज प्रवासाआधी तीन महिन्यांच्या आत करता येतो. टीबी लागत नाही.

इथे आपली माणसं एका वाक्यात फसतात. निमंत्रणपत्रात सहज लिहितात, 'बाळंतपण आणि बाळाला सांभाळण्यासाठी आईबाबा येत आहेत, कारण आम्ही दोघं नोकरी करतो.' आपल्या दृष्टीने हे प्रेमाचं वाक्य आहे. अधिकाऱ्याच्या दृष्टीने आजी ही बिनपगारी आया झाली, आणि व्हिजिटरला काम करता येत नाही. भेटीला आलेल्या आजीने नातवाला मांडीवर घेतलं तर त्याला बंदी नाही, मार्गदर्शक सूचनांत नातेवाइकांना थोडक्या काळासाठी मूल सांभाळायला परवानगी आहे. पण येण्याचं कारण भेट हवं, सांभाळणं नव्हे. मुदतही जितकी खरंच हवी तितकीच लिहा. सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने मागितले की इथे मागे कोण आणि काय आहे हा प्रश्न मोठा होतो.

इथे परत यायचं कारण कागदांवर दिसलं पाहिजे. पेन्शनचे आदेश, गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, घराचा कर, दुसरा मुलगा किंवा मुलगी इथे राहत असेल तर त्याचा उल्लेख. खर्च मुलगा करणार असेल तर त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि राहायला खोली आहे का, हे. अर्जाआधी आठवडाभर वडिलांच्या खात्यात पाच लाख जमा करू नका. पेन्शन तीस हजार आणि अचानक पाच लाख, तर विचारणारच. घर विकून नाहीतर एफडी मोडून आलेले असतील तर तो कागद जोडा.

नकार आला तर व्हिजिटर व्हिसाला कौटुंबिक भेटीचं जे अपील असायचं ते २०१३ मध्येच गेलं. नकाराचं पत्र नीट वाचून, त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचा कागद जोडून नवा अर्ज. तोच गठ्ठा पुन्हा दिला तर तोच नकार. खोटा कागद सापडला तर दहा वर्षं बंदी येऊ शकते, तेव्हा बँकेचं 'जमवून दिलेलं' स्टेटमेंट वगैरे मनातही आणू नका.

सयाजीबाग_सकाळ

त्यांच्या विम्यात काटकसर नको. सरचार्ज न भरणाऱ्या पाहुण्यांना इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर दराच्या १५० टक्के आकारणी होते. इमर्जन्सी विभागात तपासलं तर पैसे नाहीत, पण तिथून वॉर्डात घेतलं की मीटर सुरू. बिल थकलं तर पुढच्या व्हिसाला आडवं येतं. बीपी, मधुमेह असेल तर विम्याच्या अर्जात लिहा, लपवलं तर दावा मंजूर होत नाही.

सेवउसळ_तिखट

पोचल्यावरचं थोडं. निघण्याआधी प्रत्येकाचं, मुलांचंही, यूकेव्हीआय, म्हणजे यूकेच्या व्हिसा विभागाचं, ऑनलाइन खातं उघडून ईव्हिसावर (ऑनलाइन व्हिसावर) नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक बघून घ्या. तिथल्या वास्तव्याची प्लास्टिकची कार्डं २०२४ अखेर बंद झाली. आता घर भाड्याने घेताना आणि नोकरीला लागताना याच खात्यातून शेअर कोड, म्हणजे समोरच्याला आपला व्हिसा तपासता येईल असा कोड, काढून द्यायचा असतो. पासपोर्ट बदलला तर खात्यातही बदला, नाहीतर विमानतळावर चेक-इनलाच अडकाल.

इंग्लंडात घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, वार्षिक भाडं ५०,००० पौंडांखाली असेल तोवर. मूल चार वर्षांचं झालं की पुढच्या सप्टेंबरला रिसेप्शनचा, म्हणजे शाळेचा पहिला, वर्ग. वर्षाच्या मधे पोचलात तर काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, मधल्या प्रवेशाचा अर्ज, आणि जवळची शाळा भरलेली असेल हे गृहीत धरा. मुलाचं लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत करून न्या. जोडीदाराला जवळपास कुठलीही नोकरी करता येते. आपलं लायसन्स बारा महिने चालतं, मग तिथली परीक्षा.

इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करायला बँकेला कळवा. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

लहरीपुरा_दरवाजा

आणि खाऊ? सासूबाईंनी साजूक तूप आणि पेढे बांधून ठेवलेत.

रावपुऱ्याची_लेक

दोन्ही काढून ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, श्रीखंड, खवा सगळं आलं. बाळासाठी लागणाऱ्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे. लीलो चेवडो, भाखरवडी, गोडा मसाला, मेतकूट बिनधास्त न्या. फक्त भाखरवडीच्या पाकिटावर घटक छापलेले असू द्या, सुटी पिशवीत बांधलेली असली तर कस्टमवाला काय समजेल सांगता येत नाही.